आईने वेचलेले तीस

झाड तोडलं गेलं होतं, आणि त्याच्या सालीखालची ती माइट दुसरीकडे कुठे सापडल्याची नोंद नव्हती. सुईच्या टोकावर मावेल एवढा आठ पायांचा जीव. त्यातले शेवटचे तीस एका नळीत आले होते, आणि ते आईने वेचले होते. आई चाळीस वर्षं याच प्रयोगशाळेत नमुने वेचत आलेली. आपला एकही नमुना कधी खराब निघाला नाही हे ती इतक्यांदा सांगायची, की ऐकणारे काढता पाय घ्यायचे. तीन महिन्यांपूर्वी ती गेली.

याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिच्या लेकीने ते तीसही जीव चिरडून त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा जनुकक्रम वाचायला लावला. आज निकाल आला, आणि त्यात माइटपेक्षा माणूसच जास्त निघाला.

"इथल्या सगळ्यांशी ताडून पाहिलं," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "तुझ्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय. हातमोजे घातले होतेस ना?"

"घातले होते."

"मग आलं कुठून? घाण कुठून शिरली ते कळल्याशिवाय बाकीच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सगळं टाकून द्यावं लागेल."

हा क्रम फक्त आईकडून येतो. तिचा आणि आईचा एकच.

तिला ती दुपार आठवली. आजारी आई टेबलाशी बसलेली, हात थरथरणारे, माइट उचलायच्या कुंचल्याचे केस विस्कटलेले. आईने चटकन तो ओठांत धरून टोकदार केला. जन्मात कधी न केलेली गोष्ट. लेकीने पाहिलं, पण आईचं मन दुखायला नको म्हणून ब्र काढला नाही.

आताही गप्प बसलं तर आईचं नाव राहील. पण माइट जाईल, आणि आईने शेवटची ताकद तिच्यासाठीच तर लावली होती.

तिने रजिस्टर पुढे ओढलं. 'वेचताना आईने कुंचला ओठांनी ओला केला. मी समोर होते, थांबवलं नाही.' खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. त्याही आईच्याच हाताखाली तयार झालेल्या. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"माणसाचं तेवढं गाळून काढ," शेवटी म्हणाल्या. "उरेल ते माइटचं."

तासाभरात दोन फायली वेगळ्या झाल्या. त्यातली आईची पुसायची होती. संगणकाने विचारलं, नक्की ना? लेकीला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग 'हो' दाबलं आणि माइटची फाईल उघडली.