न उचलता लागणारा फोन

"आई, जरा हस की!"

बोलत होता माझा लेक. तो दुकानात, मी घरी, आणि त्याचं तोंड पलंगासमोरच्या टॅबलेटात. त्याच्या शेजारून एक गिऱ्हाईक बाई माझ्या खोलीत डोकावत होती.

"दात वाटीत आहेत," मी म्हटलं. "हसू कशानं?"

बाई खिदळली. लेकाचं तोंड उतरलं.

कमरेचं हाड मोडलं नि मी पलंगाला खिळले. नाहीतर माझ्या खोलीचं दार न विचारता ढकलायची या घरात कुणाची छाती नव्हती. सूनबाई अजून टकटक करते.

लेकाच्या दुकानानं स्वतःचा स्वस्तातला टॅबलेट काढला. तसले कुठंही मिळतात. मालकानं विक्रेत्यांना बजावलं, आपल्यात वेगळं काय ते पटवून द्या, नाहीतर घरी बसा. वेगळं एकच होतं. घरच्यांनी फोन लावला की हा आपोआप उचलतो, अंथरुणातल्या माणसाला हात लावावा लागत नाही. लेकानं डोकं चालवलं, गिऱ्हाईकाला दाखवायला आईच ठेवली.

काल मी त्यावर टॉवेल टाकायला लावला. संध्याकाळी लेक पायथ्याशी येऊन बसला.

"काय केलंस हे? गिऱ्हाईक म्हणालं, बंदच पडलाय. मालक शेजारीच होता."

"अंग पुसून घेत होते. त्याचंही तिकीट लावलंय का तुझ्या मालकानं?"

"आई, हे खपले नाहीत तर मला काढणार आहेत गं."

"मग मला बंद करायचं बटण तरी दे."

"तुझ्याकडे बटण दिलं तर वेगळं काय राहिलं?"

 

आज सकाळी सूनबाईकडून वेणी घालून घेतली, उशा लावून ताठ बसले. फोन लागला. समोर काठी टेकलेले एक म्हातारे गृहस्थ, मागं त्यांची मुलगी.

"बाबा, तुमच्यासाठीच घेतेय," ती म्हणाली. "मी कामावर असले तरी तुम्ही दिसाल."

गृहस्थांनी मला पाहिलं आणि आधी नजर खाली केली. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. त्रास नाही ना होत याचा?"

त्यांच्या खांद्यामागं माझा लेक उभा होता. श्वास रोखून.

आज दात बसवलेले होते. मी हसले.