केशवरावांचा चौकड्यांचा कोट

मित्रांनो, काचेच्या पेटीत लटकणारा हा चौकड्यांचा जुना कोट म्हणजे मी. मला धूळ लागत नाही, कसर लागत नाही. डोक्यावर दिवासुद्धा आहे. तरी मी सुखी नाही.

गुलमंडीजवळच्या एका शिंप्यानं मला शिवलं. केशवरावांनी बाह्या मुद्दाम लांब मागितल्या. "मास्तर, पडताना टेकलेला हात दिसता कामा नये. लोकांना वाटलं पाहिजे, हा खराच आपटला."

केशवराव टीव्हीवर 'रविवारची हजेरी' नावाचा कार्यक्रम चालवायचे. गाणी, नकला, जादू, सगळं त्यात असे. कन्नड, वैजापूर अशा तालुक्याच्या गावांची मुलं कॅमेऱ्यासमोर यायची आणि भीतीनं मुकी व्हायची. मग केशवराव स्वतःच आपलं वाक्य विसरायचे, वायरीत अडकून पडायचे. लोक त्यांना हसायचे, तेवढ्यात त्या मुलाला पुढची ओळ आठवायची. माझं डावं कोपर त्यातच फाटलं. नंतर मला खुंटीला अडकवताना ते एवढंच म्हणायचे, "पोरगं अडकलं होतं."

लोक मात्र त्यांना विसरभोळाच समजले. त्यांनीही कधी खुलासा केला नाही.

कार्यक्रम बंद झाला. केशवराव पुंडलिकनगरला मुलीकडे, नीरजाकडे, राहायला आले आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात कपाटात पडून राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात त्या टीव्ही वाहिनीचा फोन आला. वर्धापनदिनाचा सोहळा आपल्याच शहरात होता. केशवरावांनी दाढी केली, आरशासमोर "नमस्कार मंडळी" म्हणून पाहिलं. गाडी आली. वाहिनीच्या सम्यकनं माझी घडी करून पिशवीत घातली.

"आणि मी?" केशवरावांनी विचारलं.

"अंकल, फक्त कोट पाहिजे. आमचा नकलाकार सुदर्शन तुमची नक्कल करणारै." मग तो ओशाळला. "या ना तुम्ही पण. प्रेक्षकांत बसा."

"बाबा, गोळी घेतली ना?" असं तीनदा विचारून नीरजा लेकीला घेऊन सोबत निघाली.

मंचावर मी सुदर्शनच्या अंगात होतो. नक्कल रंगली आणि अचानक तो थांबला. त्याला पुढचं खरंच आठवेना. मी त्याच्या घामानं भिजलो.

तिसऱ्या रांगेतून केशवराव उठले. "मंडळी, थांबा... माझं नाव काय बरं?" म्हणत खुर्चीत पाय अडकवून ते आपटले. लोक खो खो हसले. सुदर्शनला वाक्य आठवलं. टाळ्या त्याला मिळाल्या.

या वेळी लांब बाही नव्हती. त्यांचा हात सोलवटलेला मी पाहिला.

"बाबा, काय हे! लोक मोबाइलवर घेताहेत," नीरजा रडवेली होऊन ओरडली. टाळ्यांमध्ये केशवरावांचे फक्त ओठ हललेले दिसले. खुंटीपाशी ऐकलेलं ते वाक्य मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या कार्यालयातल्या या पेटीत मला लावताना सम्यक तो व्हिडिओ पाहत होता. "काकांचं लई अवघड झालंय, राव. सगळं विसरलेत. त्यांची पोरगी म्हणली, आता त्यांना कुठं पाठवणार नाय. आपण पण बोलवायचं नाय."

केशवराव मुद्दाम पडले, हे शेजारी उभ्या सुदर्शनला कळलं होतं. त्यानं फक्त माझी कॉलर नीट केली.

मित्रांनो, माझी काच पुसायला इथं माणूस आहे. तुम्ही पुंडलिकनगरला जा. केशवराव बोलताना अडखळले तर लगेच कीव करू नका. आधी आजूबाजूला बघा, कोण अडकलंय ते.