मोगरीला न मिळालेलं धुणं

नाक मुरडू नका, मोगरी बोलतेय. फुलाची नाही, धुणं बडवायची. बाभळीची आहे मी. शहाद्याहून तानूबाईच्या गाठोड्यातून सिल्वासाला आले. इथल्या गुजराती शेजारणी मला धोको म्हणतात, म्हणोत बापड्या. तानूबाईचा लेक वाल्मिक इथं धाग्याच्या कंपनीत आहे. त्याच्या शर्टाची बटणं मी मुद्दाम फोडते. फार ऐटीत असतो.

त्याची पोर ममता. लहानपणी मला पळवायची, मोज्यांचा चेंडू करून टोलवायची. एकदा शेजारच्या कुसुमचा माठ फोडला आम्ही. पुढं शाळेतल्या बाईंनी तिला बेसबॉलला घातलं, हातात खरी बॅट आली. मी जळले. बॅट म्हणजे काय, लांबडी मोगरीच की.

यंदा ती भारताच्या संघातून परदेशात मोठ्या स्पर्धेला गेली. वाल्मिकनं बजावलं होतं, जिंकून आलीस तर खेळ, नाहीतर सोमवारपासून माझ्यासोबत कंपनीत.

संघ सगळे सामने हरला. नळावर बायका म्हणाल्या, पोरींना चांगलंच धुतलं. धुणं कशाला म्हणतात ते मला विचारा!  तानूबाईनं चादर अशी बडवली की मलाच चीर गेली.

रविवारी ममता आली. पिशवी टाकली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तानूबाईनं पिशवीतून तिची निळी जर्सी काढली. छातीभर लाल माती. लोकांनी बघायच्या आत धुवावी म्हणून नळावर आली, मला उचललं, तोच ममता मागं धावत आली.

"आजी, नको धुऊ. शेवटच्या मॅचला पोटावर घसरत मैदानातलं घर, होम प्लेट गाठली मी, त्याची माती आहे. आपली तेवढीच एक धाव झाली."

"सगळ्या सामन्यांत मिळून?"

"हो."

तानूबाईनं मला खाली ठेवलं. जर्सी तशीच मळकी नेऊन दारापुढच्या तारेवर घातली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

संध्याकाळी वाल्मिक ड्यूटीवरून आला. ही धुतली का नाही, म्हणाला.

"तिची कमाई हाय ती," तानूबाई म्हणाली. "तू पगार धुऊन घरात आणतो का?"

वाल्मिक तारेखाली गेला. मग माती बोटानं चाचपली, सांडू नये अशा बेतानं.

सोमवारी तो ड्यूटीला एकटाच गेला.

तेव्हापासून त्याची बटणं मी जपते. चीर रुंदावतेय माझी, आज ना उद्या चुलीत जाईन. जाऊ दे. फक्त ती जर्सी कुणी धुवायला काढली तर मला हाक मारू नका. उभ्या जन्मात त्या एकाच कपड्यावर पडायची माझी हिंमत नाही.