व्हॉल्व्हची सुतळी

रोज सकाळी इंजिन आधीच कोमट असायचं, आणि त्यामुळे थोरल्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. फेरीबोट दोघा भावांची. पहिली फेरी सातला. मग त्याआधी इंजिन तापतं कशाने? डिझेलही आठवड्याला लिटर-दीड लिटर जास्त जात होतं. "कुठेतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला.

"मग विचारा ना भावजींना."

विचारायचं कशाला? चोर काय हो म्हणतो? धाकटा पहाटे चोरून भाडी मारतोय, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने बोटीतली फळी उचलली, इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि दांडी सुतळीने करकचून बांधली. बोट जरा लांब गेली की इंजिन तापेल आणि चोर मुद्देमालासकट सापडेल. नाहीच गेली, तर सातला आपण येऊन उघडूच. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

सकाळी धाकट्याचा फोन आला. "दादा, इंजिन तापलंय. पंपाचा इम्पेलर गेला बहुतेक."

थोरला धक्क्यावर पोचला. बोट जागेवरच होती, पण परत आणून बांधायला कितीसा वेळ लागतो? धाकटा पाने घेऊन पंपाशी वाकला होता. "व्हॉल्व्ह बंद कर, म्हणजे पंप उघडतो," तो म्हणाला. थोरल्याने फळीखाली हात घालून उगाच खुडबुड केली.

"केला."

झाकण निघालं. आतल्या इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या रबरी चाकाच्या, सहा पात्यांपैकी एकच चाकाला उरलं होतं. धाकट्याने तुटलेली पाती फडक्यावर मांडली. चारच भरली. पाचवं शोधणं भाग होतं, नाहीतर ते पुढे अडकून पाणी तुंबलं असतं. त्याने पाइप सोडवून आत तार घातली.

"पहाटे कुणाचं भाडं होतं?" थोरल्याने खडा टाकून पाहिला.

"कसलं भाडं? इथेच दहा मिनिटं चालवून ठेवतो. थंड इंजिनाला हँडल मारलं की तुझा खांदा दिवसभर ठणकतो, वहिनी म्हणाली. तुला बोललेलं खपत नाही, म्हणून गुपचूप करतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं थोरल्याला झालं. "पाइप मी धरतो," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यात तारेला लागून पाचवं पातं बाहेर आलं.

नव्या चाकाला साबण लावून, पाती एका बाजूला वाकवून धाकट्याने ते आत सरकवलं. झाकणाचे स्क्रू आवळले, हात पुसले.

"आता व्हॉल्व्ह उघड," तो म्हणाला. "सुतळी आधी सोडावी लागेल."

थोरल्याचा हात फळीवरच राहिला. "कधी पाहिलीस?"

"वाफ आली तेव्हाच. वाटलं, सांगशील."

गाठ त्याचीच, पण त्याला सुटेना. शेवटी सुरीने कापली. दिवसभर फेऱ्या झाल्या. धाकटा प्रवाशांशी नेहमीसारखा हसून बोलत होता, आणि भावाशी कामापुरतं.

दुसऱ्या दिवशी थोरला मुद्दाम लवकर आला. माफी मागायची, असं घरून ठरवून आला होता. धाकटा आधीच येऊन धक्क्यावर बसला होता. थोरल्याने इंजिनाला हात लावला. थंडगार. हँडल पुसून वर ठेवलेलं होतं.

"व्हॉल्व्ह उघडा आहे," धाकटा बसल्या जागेवरूनच म्हणाला. "तरी एकदा तूच बघून घे."