रोमची कमान, आमचं दार

उसाची ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरनं चर्चच्या दाराला ठोकली आणि पणज्यांनी बांधलेली दगडी कमान खाली आली. कृपादान पाळक म्हणाले, लोखंड टाका, वर स्लॅब ओता, विषय मिटवा. मी गवंडी. मी म्हणालो, दगड शाबूत आहेत, कमान होती तिथं कमानच होईल. लई भांडलो. पाळक दमले आणि हो म्हणाले.

गोल साचा करणारा सुतार पुणतांब्यापर्यंत शोधून मिळाला नाही. मग मी आणि माझा जोडीदार गोरक्ष, आम्ही जुनी रीत धरली. आख्खं दार विटामातीनं भरायचं, माथ्याला गोलाई द्यायची, त्यावर दगड रचायचे आणि चुना धरला की खालचा भराव उपसायचा. दार भरून झाल्यावर ध्यानात आलं, चर्चला दुसरं दारच नाही. पेटी, ढोलकी, बाकं, सगळं आत. गोरक्ष माळकरी. म्हणाला, "नोहा, तू तर देवालाच कोंडलंस."

रविवारची उपासना लिंबाखाली झाली, नुसत्या टाळ्यांवर. तिथंच मी माती खाल्ली. पाळकांनी कामाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी सुटलो. शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं रद्दीतून आणि मोबाईलवरून वाचलेलं. ते अंगात मावत नाही. सांगितलं, कमान आधीही होती, पण तिच्या जोरावर शहरं उभी केली ती रोमन लोकांनी. चुना न लावता नुसते दगडाला दगड रेलवून त्यांनी पाणी वाहून नेणारे पूल बांधले, ते दोन हजार वर्षं उभे आहेत. आपल्याकडं गेल्या साली केलेला रस्ता यंदा सापडत नाही.

मरियाआज्जी उठली. "कुनाची म्हनलास कमान?"

"रोमन लोकांची."

"येशूला खिळे ठोकले त्येंची?"

आज्जीनं काठी उचलली.

"मंग मी त्या दारातनं यायची न्हाई. मेल्यावर बी न्हाई."

ही म्हातारी माझ्या रक्ताची कुणी नाही. आई गेली तेव्हा वस्तीनं चारचौघांसारखी हळहळ केली आणि जो तो घरी गेला. हिनं मला घरी नेलं. तिच्या चुलीवर मी वाढलो. हंगामाच्या सणाला पहिली कणसं वेदीवर तीच ठेवते. ती दाराबाहेर थांबणार असेल तर माझी कमान काय चाटायची?

तरी बांधली. तिची समजूत घालायला दोनदा गेलो, तिनं जेवायला वाढलं आणि विषय काढू दिला नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी भराव उपसायला घेतला, तर ही काठी टेकत आली. लांबच उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "तिकडं रोमात दगड कोन उचलायचं? राजा?"

"राजा कशाला उचलतोय. मजूर, शिपाई. आणि गुलाम, धरून आणलेले. त्यांचं नावसुद्धा कुणी कोरलं नाही."

"अन् क्रुसाच्या खांबावर कुनाला द्यायचे?"

"गुलामांना. नाहीतर बंड करणाऱ्यांना. बड्या लोकांना सहसा नाही."

ती कमानीजवळ आली. "म्हंजी दगड उचलनारे बी त्येच अन् खिळे खानारे बी त्येच," ती म्हणाली. "आपला येशू त्येंच्यातलाच की रं." काठी भिंतीला लावली आणि भरावातली एक वीट स्वतः ओढली.

मग आम्ही तिघांनी उपसलं. शेवटच्या विटा निघाल्या तेव्हा वर करकर झाली, दगड बारीकसे खाली बसले, चुन्याची धूळ पडली. गोरक्ष मागं सरला. आज्जी दारातच उभी. त्यानं हाक मारली, "आज्जी, बाजूला व्हा, नवं काम हाय."

"माज्या पोरानं बांदलीया," ती म्हणाली आणि हलली नाही.

कमानही हलली नाही.

आभार मानायची मला सवय नाही. मानावेत अशी माणसं फार भेटली नाहीत. दुसऱ्या दिवशी आज्जी शाळूची कणसं छातीशी धरून कमानीखालून आत आली. वेदीपाशी प्रार्थना तिनंच केली. पावसाबद्दल आभार मानले, पिकाबद्दल मानले. मग म्हणाली, "बापा, रोमातल्या त्या बिननावाच्या गवंड्यांचं बी लई उपकार हायेत. त्येंना तुज्यापाशी जागा दे."

पाळकांनी एक डोळा उघडला. मी मान खाली घालून होतो, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. प्रार्थनेमागं पेटीवर सूर मीच धरला होता.