आठ पायांचा राखणदार

माणिकरावांचा फवारणीचा पंप बाजार भरायच्या आत चालू करून दिला, तर सिद्धोधनच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे ताडकळसच्या भर बाजारात, हॉटेलासमोरच्या बाकड्यावर बसून माणिकराव त्याचं नाव घेणार होते. माणिकराव ज्याचं नाव घेतात त्याच्या दुकानासमोर दुसऱ्या दिवशी चार पंप येऊन पडतात. दुसरी, पूर्ण्याच्या हरिओम मेकॅनिकनं ‘बोर्ड गेलं, नवं टाका’ म्हणून परत पाठवलेली वस्तू ताडकळसात चालू होणार होती. तिसरी गोष्ट सिद्धोधन स्वतःशीही कबूल करत नसे. आयटीआय करून सहा वर्षं झाली, तरी माणिकराव त्याला ‘डाक्टर’ म्हणत ते चेष्टेनंच. एकदा तरी त्यांनी ते खरंच म्हणावं, असं त्याला वाटे.

खर्चाच्या बाजूला त्याला फक्त एक तार दिसत होती. नखाएवढ्या लांबीची.

“काय डाक्टर, पेशंट हाय का गेला?” माणिकराव स्टुलावर बसूनच विचारत होते.

“नाडी हाय काका. हातपाय हलंनात.”

“आमच्या जावयासारखंच मग.”

पंपाच्या बुडातून बॅटरी आणि बोर्ड बाहेर काढून सिद्धोधननं मीटर लावला. बोर्डावर तुरीच्या दाण्याएवढी एक काळी आयसी होती, दोन्ही बाजूंनी चार-चार पायांची. बॅटरीचा करंट तिच्या एका अंगानं आत जायचा आणि दुसऱ्या अंगानं मोटरीकडं निघायचा. आत येणाऱ्या पायावर बारा व्होल्ट होते, जाणाऱ्यावर शून्य. वरून पाहावं तर आयसी धडधाकट. फुगलेली नाही, जळका वास नाही, भोक नाही.

“ही मेली,” तो म्हणाला.

“मग दुसरी बसव.”

“परभणीत मिळायची न्हाई. मागवावी लागती. आठ दिवस.”

“आठ दिवसांत तुडतुडे कापूस खाऊन ढेकर देतेत. तू असं कर, डायरेक्ट कर.”

डायरेक्ट हा आपल्याकडचा मानाचा शब्द आहे. फ्यूज उडाला की तांब्याची तार लावायची, स्टार्टर धरंना झाला की बटणात काडी खोचायची. ज्याला डायरेक्ट करता येतं तो मेकॅनिक आणि ज्याला येत नाही तो नुसता दुकानदार, अशी साधी वाटणी. या पंपाचं तर एक डायरेक्ट आधीच झालेलं होतं. मागच्या हंगामात बॅटरीच्या आतली, करंट वाढला की तोडणारी हिरवी पट्टी सारखी पंप बंद पाडायची. माणिकराव वैतागले, तेव्हा सिद्धोधननंच ती पट्टी वगळून तार जोडली होती. वर्षभर तक्रार आली नाही. माणसाला एवढा पुरावा पुष्कळ होतो.

त्यानं इस्त्री तापवली, म्हणजे सोल्डरचा डाग द्यायची ती छोटी, आणि आयसीच्या करंट आत येणाऱ्या पायापासून बाहेर जाणाऱ्या पायापर्यंत तार टाकून दोन डाग दिले. बटण दाबताच पंप गुरगुरला. रस्त्यावर फवारा उडाला आणि एक शेळी शिंकली.

बॅटरी परत बसवताना पंप जरा तिरका झाला तेव्हा मोटर एकदा गचकली आणि पुन्हा सुरू झाली. बॅटरीच्या खाचेत एक स्क्रू आत निघाला होता, आणि तिथून जाणाऱ्या लाल वायरीवर काळा ओरखडा होता. सिद्धोधननं ती वायर अंगठ्यानं बाजूला सारली आणि झाकण लावलं. बाहेर माणिकराव म्हणत होते, “परभणीला जायचं काम न्हाई. आपला सिद्धू हाय.” हे ऐकायला कान दिले की डोळ्यांचं काम मागं पडतं.

पहिल्या दोन गोष्टी जमा झाल्या. पंप रिक्षातून गावाकडं गेला आणि माणिकराव बाजारात.

दीड वाजता दुकान थंडावलं. अशा आयसी दोन-चार मागवून ठेवाव्या म्हणून सिद्धोधननं बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो मोठा केला, आयसीच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि शोधला. कंपनीचा माहितीचा कागद उघडला. इंग्रजी त्याला बेताचं यायचं, पण आकृती वाचता यायची. आठ पाय, मधे सिलिकॉनचा चौकोन, आणि पायापासून त्या चौकोनापर्यंत जाणाऱ्या रेघेवर एक खूण. ती खूण आयटीआयत पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर काढली होती. फ्यूज. आयसीच्या काळ्या अंगाच्या आतच केसाएवढी तार बसवलेली. करंट हद्दीबाहेर गेला की ती आतल्या आत वितळणार आणि वाट कायमची बंद करणार, बाहेर ठिणगीही न दिसता.

म्हणजे आयसी आपल्या मरणानं मेली नव्हती. काहीतरी जास्त करंट ओढत होतं, ते तिनं थांबवलं होतं. आणि ते ‘काहीतरी’ अजून पंपातच होतं. वायरीवरचा तो ओरखडा त्याच्या अंगठ्याला आत्ता जाणवला, दीड तास उशिरा.

बॅटरीतली हिरवी पट्टी हा पहिला राखणदार, तो त्यानंच वर्षापूर्वी काढला. ही आयसी दुसरी, तिच्या डोक्यावरून त्यानं आज तार टाकली. आता ती लाल वायर स्क्रूला टेकली तर थांबवणारं मधे कोणी नव्हतं. बॅटरी लिथियमची, विटेएवढी. गेल्या साली मोबाइलची काडेपेटीएवढी बॅटरी त्याच्या टेबलावर फुटली, तिचा काळा डाग अजून पत्र्याला वर होता. आणि ही वीट पंपाच्या बुडात असते. पंप पाठीवर घेतला की ती बरोबर कंबरेशी येते.

त्यानं माणिकरावांना फोन लावला. सगुणाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, उचलला.

“काकू, काका कुठं?”

“बाजारातच की. फोन घरीच इसरून गेलेत. कामून?”

“पंप कुठाय?”

“पुलापलीकडच्या रानातली बबिता घेऊन गेली. परवा दिवसभर तिनं आमच्यात खुरपलं, त्या बदल्यात, सावडीत, आज आमचा पंप तिच्यात. तिचा दादला पुण्याला गाडीवर, मग तीच फवारती. बॅटरीचा हाय म्हणून बाईमाणसाला जमतंय बाबा.”

“फोन लावा तिला. पंप पाठीवरून काढ म्हणावं.”

“रानात रेंज कुठली? काय झालं रं?”

त्यानं शटरही ओढलं नाही.

मोटरसायकलवर तो टाक्या मोजत होता. एक टाकी संपायला वीस मिनिटं, भरायला दहा. रिक्षा पोचून तास झाला असेल. म्हणजे दोन टाक्या झाल्या, तिसरी पाठीवर. दर टाकीला पंप एकदा जमिनीवर आदळतो, एकदा पाठीवर उचलला जातो, म्हणजे आत्तापर्यंत चार-पाच गचके. दुकानात एका गचक्यात मोटर थांबली होती. येलदरीच्या कॅनॉलच्या पुलावर एका बैलगाडीनं वाट अडवली, तर गाडीवान निवांत म्हणाला, “एवढं काय पेटलंय भाऊ?” सिद्धोधननं कठड्याला घासत मोटरसायकल पुढं काढली.

बबिताचं रान पुलापासून दुसरं. कापूस छातीएवढा, मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी, त्याहून उंच. माणूस दिसत नव्हता, फक्त गुरगुर ऐकू येत होती. चालू आहे तोवर ठीक, असं मनाशी म्हणत तो तासात शिरला. गुरगुर थांबली. तोही थांबला. पुन्हा सुरू झाली, पण अडखळत, दमेकऱ्यासारखी. तो पळाला. फांद्या तोंडावर सपकत होत्या.

“वैनी!”

तिनं तोंड, डोकं, कान सगळं फडक्यानं गुंडाळलेलं. पाठमोरी, डावीकडं-उजवीकडं नळी फिरवत ती पुढंच चालली होती. निळ्या टाकीच्या बुडातून धूर नव्हता. वास होता, नेलपॉलिशसारखा गोड. मोबाइलची बॅटरी फुटायच्या आधी असाच आला होता.

त्यानं खांदा धरला तशी ती दचकून वळली आणि फडकं खाली ओढलं.

“सिद्धोधनभाऊ? माणिकमालकानं पंप माघारी मागितला का काय? माझी अर्धी टाकी राहिलीय.”

“आधी काढा.”

“खुरपलंय मी दिवसभर, फुकट न्हाई आणला—”

“वैनी, पाठ तापायलीय का?”

तिचं तोंड उतरलं. “मघापासनं. मला वाटलं, ऊन हाय.”

तिनं पट्ट्याला हात घातला. पंपाचं बक्कल केव्हाच तुटलेलं होतं. पट्टे घसरू नयेत म्हणून जुन्या लुगड्याच्या काठानं ते छातीवर एकत्र बांधायची तिची पद्धत, आणि औषधाच्या पाण्यानं भिजून ती गाठ दगड झाली होती. तिची नखं गाठीवरून घसरत होती. टाकीच्या बुडातून बारीक शिट्टी सुरू झाली, कुकरची चढत असते तशी.

“भाऊ, सुटंना,” ती अगदी हळू म्हणाली.

खिशात वायर कापायचं कटर होतं. काठ एका दमात कापला जाईना, दोन, तीनदा दाबावं लागलं. काठ तुटला, डावा पट्टा सुटला. उजवा कोपरात अडकला आणि सोळा लिटरची टाकी तिच्या कंबरेवर आडवी झाली. शिट्टी थांबली. त्यानं उजवा हात तिच्या पाठीच्या आणि पंपाच्या मधे घातला आणि सगळ्या अंगानं ढकललं.

जाळ बुडातून बाहेर आला तेव्हा पंप तासात पडत होता. पांढरा जाळ, हातभर, फुसफुसणारा. प्लास्टिक वितळलं, औषधाचा धूर सुटला. तो तिला वाऱ्याच्या उलट अंगाला ओढत नेत होता, आणि ती मागं वळून पाहत होती. बांधावर दोघं बसले. कापसाची पाच-सहा झाडं काळी पडून मग जाळ आपोआप थांबला.

बबिता म्हणाली, “काय झालतं त्याला?”

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. कंपनीचा माल हलका म्हटलं असतं तर कोणी उलटून विचारलं नसतं.

“त्याच्यात थांबवणारी एक चीज होती,” सिद्धोधन म्हणाला. “ती मी डायरेक्ट केली.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या भाजलेल्या उजव्या हाताकडं. उठताना ती कंबर धरून खाली बसली, तेव्हा कळलं की लुगडं कातड्याला चिकटलंय.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर खरोखर चार पंप आले. चारही त्यानंच कधीतरी डायरेक्ट केलेले. मालक लांब उभे राहून म्हणत होते, “बाबा, ती तार काढ.” त्यानं डाव्या हातानं काढली.

कोणी काय दिलं ते सांगून टाकतो. त्या आयसीनं सगळ्यात आधी दिलं, केसाएवढी तार, आणि तिचं कोणी ऐकलं नाही. माणिकरावांचा पंप गेला. तेव्हापासून ते त्याला ‘डाक्टर’ म्हणत नाहीत, चेष्टेनंही नाही. सरळ ‘सिद्धोधन’ म्हणतात. सिद्धोधनच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना आता गरम-गार कळत नाही. इस्त्री तापली का ते त्याला गालाजवळ नेऊन बघावं लागतं. बबितानं पंपाचं मोल आधीच खुरपून चुकतं केलं होतं. डायरेक्ट कर असं ती म्हणाली नव्हती, आयसी तर तिनं पाहिलीही नव्हती. तिच्या कंबरेवर तळहाताएवढा डाग आहे, आणि दिवाळीपर्यंत ती पालथी झोपली.