हरणांसाठी लावलेलं, हरणांपासून राखलेलं

मित्रांनो, 'मी एक जुनं झाड आहे' असं सांगायला गेलो की माझं मलाच हसू येतं. कारण मी एक नाही, दोन झाडं आहे! जमिनीतला मी वेगळा आणि वरचा मी वेगळा. खाली आहे तो खुंट. कडाक्याच्या थंडीलाही दाद न देणारा, रोपवाटिकेतून टपालाने आलेला. वर आहे ती रानसफरचंदाची काडी, तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढी होती. हेल्मी लाहतिनेन नावाच्या बाईने एका मे महिन्यात दोघांनाही चाकूने तिरकं कापलं, कापाला काप जुळवला, वरून पट्टी घट्ट गुंडाळली आणि दम भरला, "आता नीट नांदा." आम्ही नांदलो. जमिनीपासून वीतभर वर माझ्या खोडाला एक गाठ आहे, तिथे आमचा सांधा आहे.

आता ही काडी आली कुठून? तेही सांगतो, कारण मला स्वतःलाच अशा गोष्टींची फार उत्सुकता.

हेल्मीचा थोरला भाऊ ओन्नी. अमेरिकेतल्या मिशिगनच्या वरच्या टोकाला, दाट जंगलात त्याची शिकारीची खोपी होती. खोपीसमोर एक रानसफरचंद उभं होतं. फळं बोराएवढी, तोंडात घातली तर डोळे मिटावेत इतकी आंबट, पण देठाला पक्की. इतर झाडांची फळं ऑक्टोबरातच गळून सडून जायची. याची मात्र बर्फ पडला तरी फांदीवरच. मग ती थोडी थोडी खाली पडायची आणि गवत बर्फाखाली गेल्यामुळे भुकेजलेली हरणं ती वेचायला यायची. ओन्नी बंदूक भिंतीला टेकवून ठेवायचा आणि कॉफी पीत खिडकीतून बघत बसायचा. शेवटची नऊ वर्षं त्याने एकही हरीण मारलं नाही. मित्र म्हणायचे, "अरे ओन्नी, तू शिकारीला येतोस की हरणांना जेवायला वाढायला?" तो म्हणायचा, "वाढायला."

ओन्नी गेला. खोपीची जागा विकली गेली आणि नव्या मालकाने तिथलं सगळं सपाट करायचं ठरवलं. हे कळलं तशी हेल्मी भर फेब्रुवारीत कंबरभर बर्फ तुडवत एकटी तिथे गेली आणि त्या झाडाच्या पाच काड्या कापून घेऊन आली. मार्चमध्ये ते झाड पडलं. ओन्नीचं म्हणून जगात उरल्या त्या एवढ्या पाच काड्या.

त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवल्या होत्या. पिकल्या सफरचंदातून एक वायू सुटतो आणि त्याने काडीवरचे डोळे मरतात, म्हणून हेल्मीने कलमं बांधून होईपर्यंत फ्रिजमध्ये सफरचंद ठेवायची बंदी केली. तिचा नवरा रेनो रोज फ्रिज उघडायचा आणि कुरकुरायचा, "काय घर आहे! सफरचंदाच्या काटक्या आहेत, पण सफरचंद नाही!"

पाच कलमांपैकी दोन लागलीच नाहीत. तिसरं पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मोडलं. चौथ्याची कुंपणाची तार एका बाजूला कलली आणि एका हरणाने मान घालून ते एका घासात संपवलं. उरलो मी. घरामागे सौनाची, म्हणजे वाफेने अंग शेकायची, लाकडी खोली आहे, तिथून पंधरा-वीस पावलांवर मला लावलं होतं.

माझ्याभोवती माणसाएवढ्या उंचीचा तारेचा पिंजरा होता. मला काही केल्या कळेना, हा कशासाठी? मला लावलं हरणांसाठी, असं हेल्मी सगळ्यांना सांगायची. मग हरणांनाच माझ्यापासून लांब का ठेवायचं? हरीण पहाटे यायचं, तारेला नाक लावायचं, ऊन ऊन श्वास सोडायचं आणि निघून जायचं. त्याची जीभ कशी असेल, फळ खाताना ते डोळे मिटत असेल का, असले प्रश्न मला पडायचे. तुम्ही हसाल, पण पिंजऱ्यात उभ्या असलेल्याला दुसरा उद्योग काय?

रस्त्यापलीकडचा आर्विड हा रेनोचा दोस्त. जीभ तिखट आणि येण्याजाण्याला वेळकाळ नाही. त्याने एकदा माझाच प्रश्न विचारला. "अगं हेल्मी, हे म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि आतून कडी लावून घ्यायची!"

"स्वयंपाक अजून कच्चा आहे, आर्विड," हेल्मी म्हणाली. "आत्ता वाढला तर एकाच जेवणात संपेल. दहा वर्षं थांबलास तर पुढची चाळीस वर्षं पंगत उठते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पिंजऱ्याखेरीज माझ्या बुंध्याला एक बारीक जाळीही गुंडाळलेली असायची. ती हरणांसाठी नाही, रानउंदरांसाठी. सहाव्या उन्हाळ्यात माझं खोड जाड झालं आणि जाळी काचू लागली. हेल्मीने ती काढली, नवी मोठी जाळी कापून सौनातल्या खिळ्याला अडकवली आणि रेनोला बजावलं, "बर्फाआधी ही गुंडाळायची." पण ऑक्टोबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हिवाळाभर ती शहरात लेकीकडे राहिली.

आता रेनोबद्दल वाईट बोलवत नाही. माणूस सोन्यासारखा. पण नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते आणि त्याआधीचे पंधरा दिवस आमच्याकडचे पुरुष कामाचे राहत नाहीत. बंदुका पुसायच्या, खोपीत लाकडं भरायची, मासे धुरी देऊन टिकवायचे. रेनोला माशांच्या धुरीसाठी जाळी कमी पडली. खिळ्याला एक छान नवी जाळी लटकत होती. घेतली! मग माझी आठवण झाल्यावर त्याला वाटलं, बिचाऱ्याला थंडी वाजेल. त्याने दोन गठ्ठे सुकं गवत आणून माझ्या बुंध्याशी गुडघ्यापर्यंत दाबून भरलं. हेल्मीचा फोन आला, "झाडाचं केलंस का?" हा म्हणाला, "केलं की! असा बंदोबस्त केलाय की मलाच तिथे जाऊन झोपावंसं वाटतंय."

खोटं कशाला बोलू, मलाही ते गवत आवडलं. वर चार फूट बर्फ साचला आणि खाली मी उबेत. डिसेंबरात गवतात खसखस ऐकू आली. मला वाटलं, पाहुणे आले! कोण असतील, कुठून आले असतील, अशी माझी चौकशी मनातल्या मनात सुरू झाली. मग पाहुण्यांनी माझी साल चाखली. रानउंदीर होते ते, चांगलं कुटुंबच्या कुटुंब. गवताचं घर फुकट, वर जेवण दाराशी. त्यांनी हिवाळाभर माझ्या गाठीच्या वरची साल गोल गोल कुरतडून खाल्ली. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. तेव्हा फार वाटलं की ओरडता यावं.

एप्रिलमध्ये बर्फ उतरला आणि हेल्मी काठी टेकत परत आली. ती सामान घरात ठेवायच्या आधी माझ्याकडे आली. तिने काठीने गवत बाजूला केलं. वीतभर उंचीचा पांढरा पट्टा, चारही बाजूंनी. साल अशी नाहीच.

"रेनो, जाळी कुठाय?"

रेनो टोपी हातात घेऊन उभा होता. "ती... मासे..."

"कसले मासे?"

"धुरीला घेतली होती."

आर्विड नेमका तेव्हाच आला होता. वातावरण हलकं करायला म्हणून तो म्हणाला, "असू दे गं, सफरचंदाचं लाकूड धुरीला झकास!" हेल्मीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आल्या पावली परत गेला.

मग ती रडली. "ओन्नीचं एवढंच उरलं होतं रे," असं म्हणून रडली. रेनो तिच्या खांद्याला हात लावायला गेला आणि मधेच थांबला. त्याला लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. त्याने माफी मात्र मागितली नाही. आमच्याकडच्या माणसांना शब्द सापडायला फार वेळ लागतो.

तुम्ही विचाराल, साल गेली तर एवढं काय झालं? अहो, पानं जे अन्न बनवतात ते सालीतूनच मुळांकडे उतरतं. वाट तुटली की मुळं उपाशी मरतात आणि मग वरचाही जातो. रेनोला हे माहीत नव्हतं. मला मे महिन्यात पालवी फुटली तेव्हा तो धावत घरात सांगायला गेला, "जगलं! जगलं!" हेल्मी म्हणाली, "ते मागच्या वर्षीचं साठवलेलं खातंय. संपलं की मान टाकेल." खुंटाने खालून दोन हिरवेगार धुमारे काढले, तेव्हाही रेनो हरखला. हेल्मी म्हणाली, "तो खुंट आहे. वरचा मेला तर झाड राहील, पण ओन्नीचं नाही राहणार."

एक उपाय होता. हेल्मीने एप्रिलमध्येच, डोळे फुटायच्या आधी, माझ्याच फांद्यांच्या काड्या कापून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. खाल्लेल्या पट्ट्यावरून त्या काड्यांचे पूल बांधायचे. एक टोक खालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत. काम जमिनीलगतचं, आणि हेल्मीला खुब्यामुळे खाली बसता येत नव्हतं.

"तूच करायचं," ती रेनोला म्हणाली.

"मी? माझे हात बघ! अस्वलाचे पंजे आहेत हे."

"त्या पंजांनी गवत भरलंस ना? मग खाली बस."

ती उलट्या बादलीवर बसली आणि तो मातीत गुडघे टेकून. "बुडखा खाली, शेंडा वर. अरे उलटं! उलटं लावलंस तर रस चढणार नाही... हं, आता साल उचल. हळू. पत्र उघडतोयस समज." रेनोच्या कपाळावरून घाम माझ्या मुळांवर पडत होता. बारीक खिळे, वरून मेण. दुपार गेली आणि पाच पूल झाले. तो उठला तेव्हा पॅन्टचे दोन्ही गुडघे चिखलाने माखले होते. हेल्मी म्हणाली, "आता बघू." शाबासकी वगैरे काही नाही.

तो उन्हाळा मी मोजून श्वास घेत काढला. दोन पूल सुकले. रेनो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन यायचा, वाकून बघायचा, खुंटाचे धुमारे खुडायचा आणि मगच कामाला लागायचा. जुलैत उरलेले तीन पूल बोटाएवढे जाड झाले. खाली खुंटाला पहिला घास पोचला, तो मला जाणवला. इतकी वर्षं एकत्र राहून मला त्याची भूक तेव्हाच पहिल्यांदा कळली.

त्यानंतर दर ऑक्टोबरात रेनो जाळी बांधायचा, मग बंदूक पुसायचा.

अकराव्या वर्षी माझ्या फांद्या हरणाच्या तोंडाच्या वर गेल्या आणि पिंजरा निघाला. फळं भरपूर धरली होती. मी वाट बघत होतो. ऑक्टोबर गेला, शिकारीचे दिवस गेले, कोणी फिरकेना. हरणांना वाटत असावं की तार अजून आहे. मला तर स्वतःचीच शंका यायला लागली. फळं जरा जास्तच आंबट झाली की काय?

डिसेंबरातल्या एका शनिवारी, ऊन कलताना, दोघं म्हातारी सौनातून बाहेर येऊन पायरीवर टेकली होती. अंगाला टॉवेल, अंगातून वाफा, समोर बर्फ. आणि झाडीतून एक मादी आली. जिथे तार असायची तिथे थांबली. मान पुढे केली. तार नाही म्हटल्यावर दोन पावलं आली आणि बर्फातलं एक फळ उचललं. मित्रांनो, हरीण खाताना डोळे मिटत नाही. कान मात्र हलवतं. मग तिने एक फांदी ओढली आणि मी आनंदाने सगळी हलवली.

हेल्मीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते घामाचं नव्हतं.

तिथेच पायरीवर, त्या जाळीनंतर तब्बल पाच वर्षांनी, रेनोला शब्द सापडले. "हेल्मी, चुकलं माझं."

"काय?"

"ते... जाळीचं."

"गप बस," हेल्मी कुजबुजली आणि त्याचा हात घट्ट धरला. "पळून जाईल ना ती."

तर मित्रांनो, झाड कोणासाठीही लावा, हरणांसाठी, पाखरांसाठी नाहीतर स्वतःसाठी. पण पहिला बर्फ पडायच्या आधी एकदा गुडघे टेकून त्याच्या बुंध्याशी हात घाला आणि बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.